जाण्याचा शब्द

झेंडा कोणी धरायचा यावर आमच्यात वाद व्हायचं कारणच नव्हतं, कारण आम्ही तिघंच होतो. खेळणारी एकटी तालेई, तिची प्रशिक्षक मी, आणि पथकप्रमुख म्हणून मिस्टर पेनी. पेनी एरवी आमच्या बेटाच्या बंदरात जहाजं धक्क्याला लावून घ्यायचं काम करत. त्या दिवशी त्यांनी पांढरा कोट घातला होता आणि तो त्यांना पोटावर होत नव्हता.

"मिस पद्मजा, तुम्ही मधे चाला," ते म्हणाले. "दोघींमधे जरा अंतर ठेवा. म्हणजे रांग लांब दिसेल."

"तिघांची रांग कितीही ताणली तरी तिघांचीच," मी म्हटलं.

"लांबून बघणाऱ्याला काय कळतंय?"

"लांबून बघणाऱ्याला मोजता येतं, मिस्टर पेनी."

तालेईला हसू आवरेना. झेंड्याची काठी तिच्या हातात लटपटायला लागली, तशी मी तिला मराठीत म्हटलं, "गप." ती लगेच गप्प झाली.

मैदानाच्या दारात आमच्या पुढे-मागे बाकीच्या देशांची पथकं उभी होती. हे खेळ चिमुकल्या देशांचे. ज्या देशाची लोकसंख्या लाखाच्या आत, त्यालाच इथे प्रवेश. पोहणं, धावणं, होड्या, भारोत्तोलन, सगळं ऑलिंपिकसारखंच, फक्त आकाराने लहान. त्या चिमुकल्यांतही आमचं लेवाई शेंडेफळ होतं. कुरुंदवाडच्या आठवडी बाजाराला येणारी माणसं गोळा केली तर आमच्या बेटापेक्षा जास्त भरतील. माईकवरच्या बाईने आमच्या देशाचं नाव चुकीचं उच्चारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या आम्हाला बघून की आम्ही किती कमी आहोत हे बघून, ते कळलं नाही.

आता मी कुरुंदवाडची बाई तिथे कशी पोचले, ते सांगते. आमच्या गावात घरटी एक वेटलिफ्टर निघतो. आमच्या घरात मी निघाले. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, स्वतःची व्यायामशाळा होती. थोरल्या भावाचं नाव त्यांनी हौसेने बाहुबली ठेवलं आणि त्याने जन्मात लोखंडाला हात लावला नाही. मग अण्णांनी मला धरलं. मी राज्यापर्यंत गेले, गुडघा गेला, मग पतियाळाला जाऊन प्रशिक्षकाचा कोर्स केला. लेवाईच्या सरकारला भारोत्तोलनाचा प्रशिक्षक हवा होता. मी अर्ज केला आणि निवड झाली. आई कधीच वारली होती. अण्णांना माझं जाणं पसंत नव्हतं. त्यांची व्यायामशाळा मी चालवावी असं त्यांच्या मनात होतं. निघायच्या आधी पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

लेवाईत मी तीन वर्षं काढली होती. समुद्र सुंदर होता, माणसं चांगली होती, मासे इतके की ते न खाणाऱ्या माझ्यासारख्या जैन बाईची सगळ्यांना कीव यायची. आणि मला तिथे फार एकटं वाटायचं. हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी कुकरशी मराठीत बोलायचे. "झाली का रे तिसरी शिट्टी?" असं विचारायचे त्याला. घरी फोन केला की बाहुबली उचलायचा. "बरी हाईस न्हवं?" "बरी आहे. अण्णा कसे आहेत?" "हाईत." एवढ्यावर संपायचं. अण्णा कधी फोनवर आले नाहीत आणि मीही त्यांना बोलव म्हटलं नाही.

त्या सबंध देशात मराठी समजणारं एकच माणूस होतं, आणि तिला जेमतेम डझनभर शब्द येत होते. तालेई माशांच्या कोल्डस्टोरेजमध्ये खोकी उचलायची. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती दोन खोकी एकावर एक घेऊन चालली होती आणि तिची पाठ अशी सरळ होती की अण्णांनी बघितली असती तर त्यांनी तिथेच तिला पेढा भरवला असता. मी तिला व्यायामशाळेत आणलं. सराव घेताना माझ्या तोंडातून मराठीच निघायचं, म्हणून तिलाही ते येत गेलं. बस, ऊठ, पाठ, श्वास, शाब्बास. बार पायावर आपटला की ती "आई गं" म्हणायची, ते तर अगदी आपल्यातल्या बाईसारखं. मला ती 'बाई' म्हणायची. कोच हा शब्द मला आवडत नाही, रेल्वेच्या डब्याचं नाव वाटतं.

पहिल्याच आठवड्यात सराव संपल्यावर तिने पिशवी उचलली आणि इंग्रजीत म्हणाली, "मी जाते."

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "असं म्हणू नये!"

"काय झालं?"

मग मला तिला समजावून सांगावं लागलं. आमच्यात घरातून निघताना जाण्याची गोष्ट तोंडाने काढत नाहीत. म्हणायचं, 'येते'. आणि घरातल्या माणसाने म्हणायचं, 'ये'. म्हणजे माणूस परत येतो.

तिने ते खूप लक्ष देऊन ऐकलं. "म्हणजे वचन देऊन जायचं."

"तसंच काहीसं."

"मग तुमच्यात जाण्याला शब्दच नाही?"

"आहे. तो मी तुला शिकवणार नाही."

तेव्हापासून ती रोज जाताना दारात उभी राहून म्हणायची, "येते, बाई." मी म्हणायचे, "ये." नंतर नंतर तिने त्याचा मंत्रच केला. बारकडे जायच्या आधी, प्रत्येक वजनाच्या आधी, माझ्याकडे बघून "येते, बाई." मी "ये" म्हटल्याशिवाय तिचं पाऊल उचलायचं नाही. मी हसायचे, पण खरं सांगायचं तर मला ते फार बरं वाटायचं. दिवसाकाठी कुणीतरी मला 'येते' म्हणत होतं.

त्या खेळांत एक गोष्ट पणाला लागलेली होती आणि ती आम्हा दोघींना नीट ठाऊक होती. जवळच्या मोठ्या देशाने जाहीर केलं होतं, की प्रत्येक वजनगटात पहिल्या दोन आलेल्यांना ते आपल्या प्रशिक्षण केंद्रात घेऊन जातील. चार वर्षं राहणं, खाणं, शिक्षण, सगळं. तालेईला कोल्डस्टोरेजमधून सोडवणारी दुसरी वाट त्या बेटावर नव्हती. आणि ती गेली, की माझी व्यायामशाळा रिकामी. दुसरी कुणी खेळाडू तिथे नव्हतीच. हे मला आधीपासून माहीत होतं आणि तरी मी तिला दिवसातून दोनदा घासत होते. त्यात मोठेपणा नाही. मला दुसरं काही येतच नव्हतं.

भारोत्तोलन एका शाळेच्या सभागृहात होतं. मागच्या वर्गात बाकं भिंतीला लावून खेळाडूंना अंग गरम करायला जागा केली होती. फळ्यावर कुणीतरी काढलेलं कासव अजून तसंच होतं. तालेईच्या गटात सहा मुली. यजमान बेटाची धिप्पाड मुलगी पहिली येणार हे पोरंटोरंही सांगत होती. भांडण होतं दुसऱ्या जागेचं, तालेईचं आणि हिरव्या पोशाखातल्या एका मुलीचं.

पहिला प्रकार स्नॅच, एका दमात डोक्यावर. त्यात तालेई किंचित मागे पडली. मग जर्क, आधी खांद्यावर घ्यायचं आणि तिथून डोक्यावर. पहिलं वजन गेलं, दुसरं गेलं. दोन्ही वेळा तिने "येते, बाई" म्हटलं, मी "ये" म्हटलं. तिसरं आणि शेवटचं वजन मी टेबलावर जाऊन लिहून दिलं, त्र्याण्णव किलो. तेवढं गेलं तर ती दुसरी, नाही तर तिसरी. सरावात ते तिने उचललं होतं, पण रोज नाही.

हिरवी मुलगी आपलं शेवटचं वजन करून खाली आली. माईकवरून आमचं नाव पुकारलं, पुन्हा चुकीचंच. भिंतीवरच्या घड्याळात एक मिनिट सुरू झालं. त्या मिनिटात बार जमिनीवरून सुटला नाही तर सगळं संपलं.

तालेईने हाताला पांढरी पूड लावली. पट्टा आवळला. माझ्याकडे बघितलं. मी 'ये' म्हणायला तोंड उघडून उभी, आणि ती बोलेचना.

"तालेई."

"हे उचललं, तर मला इथूनच नेणार ना?" तिने विचारलं. "उद्याच. घरी नाही जायचं."

"हो. ते तुला सांगितलंय."

"मग मी परत येणार नाही."

"घड्याळ चालू आहे, तालेई!"

"मग 'येते' कसं म्हणू, बाई? खोटं होईल."

मी तिला एक रीत शिकवली होती. आपण हजार वेळा बोलतो, तोंडाने बोलतो आणि विसरतो. तिने ती मनावर घेतली होती. तो शब्द म्हटल्याशिवाय तिने कधी वजन उचललं नव्हतं, आणि आता तो तिला म्हणता येत नव्हता. मागून पेनी घसा खाकरत म्हणत होते, "मिस पद्मजा, काय चाललंय? ती का जात नाही?"

मला तिला सांगता आलं असतं, की नुसतं बोलायचं असतं गं, त्याला काही अर्थ नसतो. ते मला जमलं नाही, कारण मीही तीन वर्षं त्या शब्दावरच दिवस काढले होते. घड्याळात अर्ध्याच्या वर वेळ गेला होता. ती तशीच उभी, डोळे भरलेले, हात पांढरे. मी तिला खांद्याला धरून बारकडे वळवलं, आणि माझ्या तोंडून तो शब्द निघाला, जो मी तिला शिकवणार नव्हते.

"जा."

ती दचकली. तिला तो कळला असावा, किंवा माझा आवाज कळला असावा. मी तिच्या पाठीवर थाप मारली, चांगली जोरात. "जा!"

ती गेली.

ती बारपाशी वाकली आणि मला मात्र समोर आमचं अंगण दिसत होतं. निघायच्या दिवशी मी बॅग ओट्यावर ठेवली आणि व्यायामशाळेत गेले. अण्णा बारला तेल लावत बसले होते. मी त्यांच्या पायाला हात लावला आणि म्हटलं, "येते, अण्णा." त्यांनी मान वर केली नाही. तेलाचं फडकं फिरवता फिरवता म्हणाले, "जा."

'ये' नाही. 'जा'. आमच्या घरात हा शब्द भिकाऱ्यालासुद्धा कुणी म्हटला नव्हता. बाहुबलीनेही ते ऐकलं. मी बॅग उचलली आणि तडक स्टँडवर आले. मिरजेपर्यंत एस.टी.त तोंडाला पदर लावून बसले होते. बापाने दाराबाहेर काढलं, असंच मी धरून चालले. तीन वर्षांत सुट्टी मिळत होती, तिकीट मिळत होतं, पण घरी गेले नाही. 'जा' म्हटलेल्या घरात कुठल्या तोंडाने 'आले' म्हणायचं?

आणि आता तोच शब्द मी एका पोरीला म्हटला होता. तिच्यावर माझा राग नव्हता. ती जाऊ नये असं मला फार वाटत होतं. तरी म्हटला होता.

सभागृहात लोक ओरडायला लागले म्हणून मी भानावर आले. बार तालेईच्या खांद्यावर होता. ती उठत होती, सावकाश. पाय थरथरत होते. मी ओरडले, "श्वास!" तिने श्वास घेतला. मग एक झटका, आणि बार डोक्यावर. कोपर सरळ, पाठ सरळ. तीन पंचांचे तीन पांढरे दिवे लागले, म्हणजे वजन मान्य. तिने बार खाली सोडला आणि "आई गं" म्हणून मटकन तिथेच बसली.

पेनी लहान मुलासारखे रडले. त्यांच्या कोटाचं एक बटण तुटून बाकाखाली गेलं, ते आम्ही दोघांनी गुडघ्यावर बसून शोधलं.

बक्षीस समारंभानंतर तालेई मागच्या वर्गात माझ्याशेजारी येऊन बसली. गळ्यात रुपेरी पदक. तिने फळ्यावरच्या कासवाकडे बघितलं.

"तो शब्द हाच ना?"

"हो."

"वाईट आहे?"

"मला वाटायचं, वाईट आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर तिचं विमान मोठं आणि आमचं लहान. तिचं आधी होतं. पेनींनी तिला कोटाच्या खिशातून शंखांची माळ काढून घातली आणि जहाजाला निरोप देतात तसे दोन्ही हात हलवून बाजूला झाले. मग ती माझ्यासमोर आली. तिने माझ्या पायाला हात लावला. हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं, कुठल्या तरी हिंदी सिनेमात बघितलं असणार.

"जाते, बाई," ती म्हणाली.

तिने तो स्वतःच जुळवला होता. 'ये'चं 'येते', तर 'जा'चं 'जाते'. व्याकरण अगदी बरोबर. खोटं बोलायचं नाही म्हणून तिने रात्रभर बसून तो तयार केला असावा. असं म्हणू नये, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी म्हणाले, "ये."

तिने मान हलवली आणि गेली. काचेपलीकडे वळून बघेल असं वाटलं होतं. तिच्याभोवती नवीन माणसं होती, ती तिला काहीतरी विचारत होती. तिने वळून बघितलं नाही.

आमच्या लहान विमानात तिची जागा आधीच राखलेली होती, ती रिकामी राहिली. पेनींनी तिथे झेंडा ठेवला आणि त्याला पट्टा बांधला. "उतरताना हलतो फार," ते म्हणाले. मी खिडकीकडे तोंड फिरवून घेतलं.

लेवाईला पोचल्यावर मी व्यायामशाळा उघडली. बार पुसला, प्लेटा जागच्या जागी लावल्या. पाच वाजले. दारात कुणी आलं नाही आणि येणार नाही हे माहीत असूनही मी दाराकडे बघत बसले. शेवटी उठले आणि बंदरावर पेनींच्या ऑफिसात गेले. परदेशी फोन करण्यासाठी तिथला फोन चांगला होता. पेनींनी काही न विचारता खुर्ची दिली आणि स्वतः बाहेर जाऊन धक्क्यावर उभे राहिले.

बाहुबलीने उचलला. "बरी हाईस न्हवं?"

"बरी आहे. अण्णांना दे."

उपग्रहावरून आवाज जायला वेळ लागायचा. मग त्याचं ओरडणं ऐकू आलं, "अण्णाऽऽ! पद्मीचा फोन हाय! तुमास्नी बोलवाय लागलीया!" चपलांचा आवाज आला. रिसीव्हर कुठेतरी आपटला.

"कोन?" अण्णांचा आवाज बारीक झाला होता. "पद्मा?"

"हो, अण्णा. माझी पोरगी दुसरी आली."

"किती उचाललं?"

"त्र्याण्णव. जर्क."

"पाठ?"

"सरळ."

"मग झालं की," ते म्हणाले. त्यांना आनंद झाला की ते असंच बोलायचे.

मग मी विचारलं. तीन वर्षं मनात धरलेलं एकदम बाहेर आलं. "अण्णा, मी निघाले त्या दिवशी तुम्ही 'जा' का म्हणालात?"

माझा आवाज तिकडे जाईपर्यंत, त्यांचा इकडे येईपर्यंत, मी टेबलाची कड धरून बसले होते.

"कवा?"

"मी निघाले तेव्हा. तुम्ही बारला तेल लावत होता. मी 'येते' म्हटलं, आणि तुम्ही..."

"मी म्हनलो? जा?" ते विचार करत असावेत. "न्हाई गं ध्यानात. म्हनलो बी आसंन. मिरजेची गाडी लागली आसंल."

"गाडी?"

"आगं, साडेनऊची गाडी. तुझी रेल्वे हुती न्हवं पुढं? तू हितं पायाला हात लावत बसलीस तर गाडी काय थांबतीया व्हय? म्हनून म्हनलो आसंन. का गं?"

मला हसू आलं आणि ते मधेच फुटलं. मी तोंडावर हात धरला. बाहेर पेनी पाठमोरे उभे होते, हे बरं होतं. त्या दिवशी मान वर का केली नाही, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारायची गरजही राहिली नव्हती. ज्याला सोडायचं नसतं त्याच्याकडे बघत कुणी 'जा' म्हणू शकत नाही. मी तालेईला म्हटलं तेव्हा तिच्या पाठीकडे बघत होते.

"काही नाही, अण्णा. सहज विचारलं."

"पैसं पडत आसतील तुला. ठेव आता."

"ठेवते. येते, अण्णा."

मी आपली निघताना म्हणतात तशी म्हणाले होते. सवयीने. रिसीव्हर कानावरून निघालाच होता. तेवढ्यात समुद्रावरून उशिरा, बारीक, पण स्पष्ट आवाज आला.

"कवा?"